पुणे–ताम्हिणी–दिवेआगर: क्लबच्या सर्व सदस्यांना घेऊन एका दिवसात सायकलने समुद्र गाठणे कितपत शक्य आहे?

मुठाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचा सायकल क्लब कोथरूड-बावधन परिसरातला आहे. दर रविवारी पहाटे वीस-पंचवीस जण खडकवासला-पानशेतच्या किंवा मुळशीच्या बाजूला जातात आणि ऊन चढण्याच्या आत परत येतात, त्यामुळे बहुतेकांना ७० ते ८० किलोमीटरची सवय आहे. सहा-सात जण बीआरएमचे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचे) २०० किलोमीटर पूर्ण करणारे आहेत, तर चार-पाच जण साठीच्या पुढचे असून त्यांचा वेग कमी असला तरी चिकाटी भरपूर आहे. या डिसेंबरमध्ये सर्वांनी मिळून एका दिवसात समुद्र गाठावा, जेवण करून सायकली टेम्पोत चढवाव्यात आणि रात्री बसने परतावे, असा विचार चालू आहे. डोळ्यांसमोर असलेला मार्ग म्हणजे चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि दिवेआगर. हे अंतर साधारण १५० किलोमीटर भरते.

क्लबमध्ये यावरून दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की उतार आपल्या बाजूने असल्यामुळे हे १५० किलोमीटर प्रत्यक्षात १०० इतकेच वाटतील. दुसऱ्या गटाला वाटते की ज्यांनी कधी १०० ओलांडलेले नाहीत त्यांना एकदम दीडपट अंतरावर नेणे योग्य नाही. निघण्याची वेळ, थांबे, मागे राहणाऱ्यांची व्यवस्था आणि घाट उतरण्याची पद्धत याबाबत, हा रस्ता सायकलने केलेल्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उतारावरचा

या रस्त्यावर मी एकट्याने आणि गटाने अनेकदा गेलो आहे. आपल्या क्लबातल्या पहिल्या गटाचे म्हणणे मला पटत नाही, मात्र दुसऱ्या गटाने दिलेले कारणही मला नेमके वाटत नाही. अडचण अंतराची कमी आणि घड्याळाची जास्त आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्यामुळे ‘सगळा उतारच’ असा समज होतो. पण ही उंची आपण प्रामुख्याने एकाच ठिकाणी, म्हणजे ताम्हिणीच्या घाटात, गमावतो. त्याआधी मुळशी जलाशयाच्या काठाने जाणारा रस्ता सतत वर-खाली होत राहतो, आणि माणगावनंतर कोकणातले जे लहान-लहान चढ लागतात ते नकाशावर दिसतही नाहीत, पण थकलेल्या पायांना बरोबर सापडतात. उतार फुकट मिळतो आणि चढ मात्र दुपारी व्याजासह वसूल केले जातात, हे या मार्गाचे खरे गणित आहे.

आता घड्याळाकडे येतो. हिवाळ्यात कोकणात पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणजे आपल्या पाठीशी असतात, पण त्यांचा जोर फारसा नसतो. जमीन तापली की साधारण अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून येणारे खारे वारे सुरू होतात आणि दुपारभर पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून जोर धरतात. आपण त्याच वेळी पश्चिमेकडे तोंड करून चाललेले असतो. परिणामी माणगाव ते दिवेआगर हे सुमारे पन्नास किलोमीटर, जे सकाळी आठ वाजता सहज पार पडले असते, ते दुपारी एक वाजता दुप्पट लांब वाटतात. ज्यांचा वेग कमी आहे त्यांना हा वारा अधिक काळ सोसावा लागतो, आणि तेही सर्वांत थकलेल्या अवस्थेत. म्हणून गटाच्या आयोजनात ‘सरासरी वेग किती’ यापेक्षा ‘शेवटची सायकल माणगावला किती वाजता पोहोचेल’ हा प्रश्न आधी विचारावा.

माझ्या मते शेवटची सायकल अकराच्या आत माणगावच्या चौकात आली पाहिजे. तेथपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर होतात. सायकल चालवण्याचा वेग ताशी २० किलोमीटर आणि थांबे मिळून दीड तास असे धरले, तर चांदणी चौकातून पहाटे साडेचारला निघणे भाग आहे. डिसेंबरमध्ये पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे पौडपर्यंतचा संपूर्ण रस्ता आणि मुळशीचा बराचसा भाग अंधारात कापावा लागेल. या टप्प्यात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, तसेच परावर्तक जाकीट, याबाबत कोणालाही सवलत देऊ नये, कारण पिरंगुट परिसरात कारखान्यांच्या पाळ्यांमुळे पहाटेही अवजड वाहने असतात.

अंधारात निघण्याचा एक लाभ असा की ताम्हिणीचा उतार उजेडात आणि वाहनांची गर्दी सुरू होण्यापूर्वी मिळतो. शनिवार-रविवारी पुण्याहून कोकणात निघालेल्या मोटारी साधारण नऊनंतर घाटात गर्दी करतात. घाट आठ ते पावणेनऊच्या दरम्यान उतरून व्हावा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत. वळणापूर्वी सरळ रस्त्यावर वेग कमी करावा आणि वळणात ब्रेक सोडून द्यावेत. रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर रबर दाबणाऱ्या ब्रेकच्या, सायकलींमध्ये सतत घर्षणाने रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते, आणि हे नेमके वळणावर घडले तर पुढचे सांगायला नको. ज्यांच्या ब्रेकचे रबर झिजलेले आहे त्यांनी ते आठवडाभर आधी बदलावे. निघण्याच्या आदल्या रात्री बदललेले रबर नीट बसले आहे की नाही हे घाटातच कळते.

थोडे विषयांतर करतो. मुळशीचा जलाशय जिथे दिसू लागतो तिथे क्षणभर थांबण्यास हरकत नाही. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. या जलाशयाचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात पडते, आणि तिथून कुंडलिका नदीतून रेवदंड्याला समुद्राला मिळते. म्हणजे आपल्याआधी हे पाणी रोज घाट उतरून समुद्रापर्यंत जात असते.

भिऱ्याचे नाव निघालेच आहे म्हणून एक इशारा देतो. हीच फेरी पुढे ढकलून फेब्रुवारी-मार्चमध्ये नेऊ नये. २०१७ च्या मार्चअखेरीस भिऱ्याला ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. घाट उतरल्यानंतर डोंगरांच्या कुशीतला हा पट्टा किती तापतो हे पुण्याच्या हवेत राहून लक्षात येत नाही. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा उत्तम. नाताळपासून वर्षअखेरपर्यंतचे दिवस मात्र पूर्णपणे टाळावेत.

मांडवा_मार्गे

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात गृहीत धरलेला ताशी २० किलोमीटरचा वेग साठीच्या पुढच्या सदस्यांना शंभर किलोमीटरपर्यंत टिकवता येईल का, याबद्दल मला गंभीर शंका आहे. जो सदस्य रविवारी ७० किलोमीटर करून घरी जाऊन झोपतो, त्याच्यासाठी १५० किलोमीटर ही दुप्पट राइड नसते, ती वेगळीच गोष्ट असते. सर्वांना समुद्र दाखवायचा असेल तर सर्वांनी पुण्याहूनच सायकल चालवत निघावे असा आग्रह कशासाठी?

पर्याय म्हणून मी मांडव्याचा मार्ग सुचवतो. आदल्या रात्री सायकली टेम्पोने मुंबईत आणाव्यात, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने (वाहनेही नेणाऱ्या बोटीने) सायकलींसह मांडव्याला उतरावे. बोटीचा प्रवास सुमारे एक तासाचा आहे. मांडव्याहून अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई करत काशीदपर्यंतचे अंतर साधारण ५० ते ५५ किलोमीटर भरते. नागाव-चौलच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता अरुंद असला तरी सावलीचा आहे, रेवदंड्याला खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लईचा किल्ला समोर दिसतो, आणि त्यापुढे रस्ता जागोजागी समुद्राला खेटून जातो. ज्यांना अधिक हवे असेल त्यांनी मुरूडपर्यंत जाऊन यावे. दीडशे किलोमीटर रेटून शेवटी डोळे मिटून किनाऱ्यावर आडवे होण्यापेक्षा, पन्नास किलोमीटर समुद्र पाहत जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

शेवटची_सायकल

मी आमच्या क्लबमध्ये बऱ्याच काळापासून ‘स्वीप’चे, म्हणजे सर्वांत मागे राहण्याचे काम करते, त्यामुळे या चर्चेकडे मागच्या टोकाकडून पाहते. मांडव्याचा मार्ग सुंदर आहे यात वाद नाही, पण प्रश्नकर्त्यांच्या क्लबला आपल्या दारातून निघून समुद्रापर्यंत जायचे आहे, आणि त्या इच्छेला काही अर्थ आहे. घरासमोरचा रस्ता हळूहळू भातखाचरांतून, मग जंगलातून, मग नारळी-पोफळींतून जात समुद्राला लागतो हे पाहण्यातला आनंद टेम्पोने सायकल नेऊन मिळत नाही. मात्र त्यासाठी सर्वांनी संपूर्ण १५० किलोमीटर चालवलेच पाहिजेत असे नाही.

माझी सूचना अशी की राइड एकच ठेवावी, पण आत शिरण्याची दारे दोन ठेवावीत. बीआरएम करणारे आणि तयारी असलेले सदस्य चांदणी चौकातून साडेचारला निघतील. बाकीच्यांना आणि त्यांच्या सायकलींना टेम्पो व बसने ताम्हिणी गावाच्या अलीकडे, जलाशयाच्या वरच्या अंगाला आणावे, आणि सव्वासात-साडेसातच्या सुमारास दोन्ही गट तिथे एकत्र व्हावेत. तिथून दिवेआगर सुमारे शंभर किलोमीटर राहते आणि त्यातला घाटाचा भाग उताराचा आहे. ज्यांना शंभरसुद्धा जास्त वाटतात त्यांच्यासाठी माणगावला बस उभी असेलच. हे आधीच, सर्वांसमोर, लेखी कळवावे. गाडीत बसण्याचा निर्णय रस्त्याच्या कडेला दमलेल्या माणसावर सोपवला की तो लाजेपोटी नाही म्हणतो आणि पुढच्या वीस किलोमीटरमध्ये सगळ्यांचा दिवस बिघडतो.

घाट उतरताना पंचवीस सायकली एका रांगेत सोडू नयेत. सहा-सात जणांचे गट करावेत, दोन गटांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, आणि प्रत्येक गटात पुढे एक आणि मागे एक अनुभवी सदस्य असावा. उतारावर कोणीही कोणाच्या मागच्या चाकाला चिकटून चालू नये. पुढच्या सायकलीच्या आडोशाचा जो लाभ घ्यायचा तो माणगावनंतरच्या वाऱ्यात घ्यावा, तिथे त्याची खरी गरज आहे. त्या टप्प्यात दणकट सदस्यांनी दहा-दहा मिनिटे आळीपाळीने पुढे राहून वारा झेलावा आणि साठीच्या सदस्यांना मधोमध ठेवावे. बीआरएमवाल्यांना हे सांगावे लागते, कारण समुद्राचा वास आला की त्यांचे पाय आपोआप जोरात फिरू लागतात आणि गटाचे दोन तुकडे होतात.

एकत्र जमण्याची ठिकाणे ठरवताना केवळ चहा मिळतो का एवढेच पाहू नये. स्त्री सदस्य असतील तर स्वच्छतागृह असलेले हॉटेल किंवा पेट्रोल पंप कुठे आहे हे आधी जाऊन पाहून ठेवावे. पौड आणि माणगाव इथे ही सोय होते, मधल्या पट्ट्यात फारशी नाही. स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने स्त्रिया पाणी पिण्याचे टाळतात आणि दुपारी त्यांच्याच पायांत गोळे येतात, ही गोष्ट पुरुष आयोजकांच्या यादीत सहसा नसते. शिवाय घाटात आणि घाटाखाली बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ‘फोन करून कळवा’ या भरवशावर कोणाला सोडू नये. सर्वांच्या खिशात जमण्याच्या ठिकाणांची नावे आणि वेळा लिहिलेला कागद असावा. स्वीपच्या मागे कोणीही राहत नाही, आणि स्वीपला मागे टाकून गाडी पुढे जात नाही, हे दोन नियम पुरेसे होतात.

मुठाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘दोन दारां’ची कल्पना क्लबमधल्या दोन्ही तटांना मान्य होईल असे वाटते. दोन शंका उरतात. एक, वेळेची मर्यादा किती कडक ठेवावी? बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. त्या हिशेबाने १५० ला दहा तास दिले तर चालतील का? दोन, आमचे एक ज्येष्ठ सदस्य ‘मी गाडीत बसणार नाही’ असे आत्ताच जाहीर करून बसले आहेत. त्यांना दुखावण्याची इच्छा नाही.

उतारावरचा

बीआरएमचा हिशेब इथे लावू नये. त्या मर्यादेत प्रत्येक जण स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या गतीने चालतो. आपली राइड सामूहिक आहे. मी शेवटची मर्यादा अंतरावर न ठेवता ठिकाणांवर ठेवीन: माणगाव साडेअकरा, म्हसळा दीड. त्यानंतर मागे असलेल्यांनी त्या ठिकाणी सायकल टेम्पोत ठेवावी, मग ते कोणीही असोत, बीआरएमवाले असले तरी. डिसेंबरमध्ये किनाऱ्यावर सूर्य सहानंतर लगेच मावळतो आणि सायकली बांधायला उजेडात किमान एक तास लागतो, हे कारण सर्वांना पटण्यासारखे आहे.

ज्येष्ठ सदस्यांबाबत एक उपाय सुचवतो. त्यांना ताम्हिणीपासूनच्या गटाचे नेतृत्व द्यावे आणि गटाचा वेग त्यांनीच ठरवावा. ज्याच्या मागे सहा जण आहेत तो माणूस स्वतःच्या हट्टासाठी त्यांना उन्हात रेटत नाही, असा माझा अनुभव आहे. एवढे करूनही ते ऐकणार नसतील, तर ती समस्या सायकलची नाही.

मांडवा_मार्गे

ताम्हिणीपासून निघण्याची दुरुस्ती झाली असल्याने माझा मुख्य आक्षेप राहिला नाही. फक्त पाण्याबद्दल लिहितो. ताम्हिणी ते निजामपूर या पट्ट्यात सकाळी उघडी दुकाने मोजकीच आहेत, म्हणून घाट उतरण्यापूर्वी प्रत्येकाच्या दोन्ही बाटल्या भरलेल्या असाव्यात. थंडीत घाम जाणवत नाही आणि लोक पाणी पीत नाहीत. घाट उतरून उष्ण, दमट हवेत आल्यावर शरीर अचानक मागणी करू लागते. केळी, गूळ-शेंगदाणे, खजूर आणि ओआरएस यांवर भागवावे. माणगावला वडा-मिसळ समोर येईल, पण तळलेले पोटभर खाऊन वाऱ्याविरुद्ध पन्नास किलोमीटर चालवणे अवघड जाते. इडली किंवा पोहे बरे.

सुपारीची_वाडी

मी श्रीवर्धन तालुक्यात राहतो. सायकल फक्त बाजारापुरती चालवतो, पण पाहुण्यांची सोय आमच्याकडे असल्याने काही गोष्टी सांगू शकतो. म्हसळ्याहून दिवेआगरला येताना बोर्ली पंचतनपर्यंत चढउतार आहेत, आणि माणगाव-म्हसळा रस्त्यावर दिघी बंदराकडे जाणारे ट्रकही असतात, त्यामुळे ‘आता आलोच’ म्हणून त्या टप्प्यात दोन-दोनच्या जोड्यांनी गप्पा मारत चालू नये. बोर्लीपासून पुढे दिवेआगर अगदी जवळ आहे. पूर्वी गावातले रस्ते वाड्यांच्या दाट सावलीत असत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आमच्याकडच्या सुपारी-नारळाच्या बागा मोठ्या प्रमाणावर झोपवल्या आणि नव्याने लावलेली झाडे अजून उंच होत आहेत, म्हणून जुन्या छायाचित्रांवरून सावलीचा अंदाज बांधू नये.

जेवण आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगावे लागते. इथल्या खाणावळी घरगुती आहेत. तीस पाने आयत्या वेळी वाढता येत नाहीत. शाकाहारी किती, मासे खाणारे किती आणि उकडीचे मोदक किती, हे आकडे नेमके द्यावेत, आणि शेवटचा गट उशिरा येणार असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे, म्हणजे भाकरी दोन वेळा केल्या जातात. अंघोळीसाठी एक-दोन खोल्या काही तासांसाठी घेतल्या तर परतीचा प्रवास सुसह्य होईल.

आणखी एक विनंती. ओहोटीला किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट असते आणि सायकल चालवण्याचा मोह होतो. वरच्या कोरड्या वाळूत मात्र सायकली नेऊ नयेत, कारण हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात आणि घरटी नेहमीच कुंपण घातलेली असतात असे नाही. ओल्या वाळूतही फार फिरू नये. खारे पाणी आणि वाळू चेनमध्ये गेली की पुण्याला पोहोचेपर्यंत गंज धरू लागतो. वाडीतल्या विहिरीचे पाणी मागितले तर कोणीही नाही म्हणत नाही.

शेवटची_सायकल

गोड्या पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून, चेनला तेल लावूनच सायकल टेम्पोत चढवावी. टेम्पो भरताना घाई झाली की डिरेलरचे (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचे) हँगर वाकतात, म्हणून दोन माणसे याच कामासाठी नेमावीत. पेडल काढून पिशवीत, त्यावर मालकाचे नाव. एक सायकल पुढे तोंड करून, दुसरी मागे. गिअरची बाजू कधीही दुसऱ्या सायकलीकडे नाही. मध्ये जुनी चादर किंवा पुठ्ठा. पंचवीस सायकलींना एक टेम्पो पुरेल की दोन लागतील हे मालकाच्या अंदाजावर सोडू नका, आठवडाभर आधी चार सायकली नेऊन प्रत्यक्ष उभ्या करून पाहा. चादरी प्रत्येकाने घरूनच आणाव्यात, टेम्पोवाल्याकडे एकच असते.